सगुणाईचं पेव

फार फार वर्षांपूर्वी, शेलटीच्या ओढ्यावर वाघ भरदिवसा पाणी प्यायला यायचा आणि माणसं मुकाट्यानं त्याला वाट द्यायची, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट ऐका. मधे मधे 'मग काय झालं' करू नका, काय झालं ते सांगायलाच बसलोय.

शेलटीत तेव्हा तुरुंग नव्हता, पेवं होती. पेव म्हणजे धान्य साठवायला खडकात खोदलेली खोल कोठी, तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस. एका दुष्काळात सातही पेवं रिकामी झाली आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की यांत गुन्हेगार ठेवू. एका पेवात एक माणूस. रोज सकाळी पहारेकरी वरून वाकून ओरडायचा, "अमक्या, अमका गुन्हा तू केलास?" खालच्यानं "कबूल" म्हटलं, की भाकरीची टोपली दोरीनं खाली जायची. "नाही" म्हटलं, की टोपली वरच. बसा मग दुसऱ्या सकाळपर्यंत पोटाला चिमटा घेऊन!

सगुणा सुईण अशा पेवात नऊ वर्षं होती. एका बड्या घरचं मूल तिच्या हातात जन्मलं आणि रडलंच नाही. तूच मारलंस, म्हणाले. पहिले चार दिवस ती "नाही" म्हणाली. पाचव्या दिवशी भूक बोलली. मग नऊ वर्षं रोज सकाळी कबूल, कबूल, कबूल. आणि सगळ्यांत वाईट काय सांगू? शेवटी शेवटी तिचं तिलाच कळेना, की ते मूल आपण खरंच मारलं होतं की काय.

सुटली तेव्हा केस पांढरे झालेले, डोळ्यांना ऊन सोसेना, आणि गाव वेशीतून आत घेईना. रीतच होती तशी. सुटलेल्यासाठी कुणीतरी बेलभंडार उचलायचा, म्हणजे देवाचा बेल नि भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची, की हा चुकला तर याच्याबरोबर मीही पेवात जाईन. तरच त्याला वेस उघडी. पण दुसऱ्याचं लचांड कोण गळ्यात घेतो? सुटलेली माणसं वेशीबाहेर उपाशी पडायची, महिन्याभरात कुणाचं तरी कणीस तोडायची आणि परत खाली जायची. लोक म्हणायचे, बघा, यांची जातच तसली.

सगुणानं वेशीबाहेर दोन वर्षं काढली. मग गावातली एक बाई अडली. पंचक्रोशीत दुसरी सुईण नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं गाव तिच्या झोपडीशी गेलं. बाळ जन्मलं आणि असं रडलं म्हणता, की ओढ्यापलीकडे ऐकू गेलं. त्या बाईच्या सासूनं तिथल्या तिथे सगुणासाठी बेलभंडार उचलला. त्या दिवसापासून ती सगुणाई झाली.

दुसरी कुणी असती तर चूल मांडून गप्प बसली असती. ही कुठली बसायला! कुणी सुटणार असं कळलं, की ही कढत पाणी नि एरंडेल घेऊन पेवाच्या तोंडाशी हजर. त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायची आणि रोज एक एक पदर काढायची, म्हणजे ऊन हळूहळू सोसावं. छपराखाली झोपायला शिकवायची, कुणाला न विचारता पाणी प्यायला शिकवायची. आणि बेलभंडार? तोही तीच उचलायची. अकरा माणसं तिनं अशी वेशीच्या आत आणली. असं म्हणतात, की पेवाच्या दगडावर तिनं तळहात ठेवला, तर आतल्या माणसाची नाडी तिला लागायची.

बारावा राणू धनगर. सहा वर्षं खाली काढून वर आला आणि चौथ्याच दिवशी देवीचा चांदीचा मुखवटा देवळातून नाहीसा झाला.

झालं! गाव चिंचेच्या पाराभोवती जमलं. राणूला दोघांनी धरून उभा केला. बहिर्जी पाटील पारावर चढला. माणूस तसा वाईट नव्हता, पण ताठ, आणि आवाज नगाऱ्याचा. त्यानं आधीच सांगून टाकलं, की हा चोर निघाला तर सगुणाही याच्याबरोबर खाली, आणि तिनं आणलेले अकराही वेशीबाहेर. सगुणाई त्या अकरा जणांपाशी उभी होती. कुणाची लग्नं झाली होती, कुणाच्या कडेवर पोरं होती.

पाटील वरून गरजला, "राणू! मुखवटा तू चोरलास?"

राणूनं मान खाली घातली. म्हणाला, "कबूल."

गर्दीत एकच गलका झाला. सगुणाई पुढे धावली. "पाटील, अहो, वरून ओरडून विचारलंत ना, म्हणून म्हणाला तो. आणखी काही विचारा, काहीही विचारा!"

"राणू! तळ्याचा बांध तू फोडलास?"

"कबूल."

"माझ्या आज्याला तू मारलंस?"

"कबूल."

पाटलाचा आजा वयाच्या नव्वदीत खोकून मेला होता. चारदोन माणसं हसली, मग हसायची थांबली. पण पाटलाचा पारा चढला. त्याला वाटलं, भर गावात आपली थट्टा चाललीय. तो सगुणाईकडे वळून ओरडला, "सगुणे! हे नाटक तूच शिकवलंस ना याला?"

आणि काय सांगू तुम्हाला! तिच्या तोंडून शब्द गेला, "कबूल."

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण निघाला तो निघालाच. इतक्या वर्षांनी, इतक्या जणांना शिकवून, तिचीच जीभ फिरली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे अकरा जणांतली एक बाई मुकाट्यानं पोराला उचलून वेशीकडे निघाली.

मग मात्र सगुणाईनं पदर खोचला. "पाटील, तुम्ही उतरा पेवात. तीन दिवस. सवाल तोच, टोपली तीच. नाही म्हणत राहिलात तर आम्ही सगळे गेलोच म्हणून समजा. कबूल म्हणालात तर आजपासून पेवं बंद."

"माझी जीभ म्हणजे काय राणूची जीभ वाटली?" पाटील म्हणाला आणि सगळ्यांदेखत दोरीनं खाली उतरला.

तो उतरला आणि तेव्हा सगुणाईच्या ध्यानात आलं. ती स्वतः चार दिवस तगली होती. तीन कशाला म्हणाली ती? रागाच्या भरात तोंडातून गेलं, आता परत कसं घेणार?

पहिल्या सकाळी पहारेकरी चाचरत ओरडला, "बहिर्जी! मुखवटा तू चोरलास?" खालून अशी शिवी आली, की बायकांनी कानांवर हात ठेवले. टोपली वर राहिली.

दुसऱ्या सकाळी शिवी आली नाही. नुसतं "नाही" आलं, तेही बारीक. सगुणाई दगडावर तळहात ठेवून बसून होती. लोकांना वाटलं, मजा बघतेय. तिचा जीव टांगणीला लागला होता. आपल्या अकरांसाठी लागला होता, आणि खरं तर त्याच्यासाठीही, कारण खाली काय वाटतं ते तिलाच ठाऊक. एक गोष्ट मात्र ती विसरली होती. ती लहानपणापासून उपाशी झोपलेली बाई, आणि पाटलानं जन्मात एक जेवण चुकवलं नव्हतं.

तिसरी सकाळ. सगळं गाव पेवाभोवती. "बहिर्जी! मुखवटा तू चोरलास?"

उत्तर नाही.

पहारेकऱ्यानं पुन्हा विचारलं. त्यानं टोपली मागे ओढली. सगुणाईनं डोळे मिटले.

"कबूल."

असं म्हणतात, की तो एकट्या पाटलाचा आवाज नव्हता. बाकीची सहा पेवं त्या दिवशी रिकामी होती, पण त्यांतूनही तोच शब्द आला, बायकांचे आवाज, म्हाताऱ्यांचे आवाज, आजवर जे जे खाली बसले त्या सगळ्यांचे. जमीन हलली. पहारेकऱ्याच्या हातून दोर सुटला. चिंचेवरची सगळी पाखरं उडाली, ती दोन दिवस परतली नाहीत.

पाटलाला वर काढला. सगुणाईनं आधी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. तो जमिनीवर बसला होता, आणि नगाऱ्याच्या आवाजाचा तो माणूस लेकरासारखा रडायला लागला.

"आई," तो म्हणाला, "मी नव्हता गं चोरला."

"ठाऊक आहे, बाबा. जेव आधी," सगुणाई म्हणाली आणि तिनं त्याला भाकरीचा घास भरवला.

राणू नि ते अकराही गावातच राहिले. मुखवटा पुढे कधीच सापडला नाही. शेलटीची देवी आजही पितळी मुखवटा लावते, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. सहा पेवं पाटलानं स्वतः दगड वाहून बुजवली. सातवं उघडं ठेवलंय. गावात कुणी सरपंच झाला, तंट्यांच्या समितीवर बसला, की त्याला आधी एक अख्खा दिवस तिथे उतरावं लागतं. कुणी कुरकुर केली तर बायका म्हणतात, पाटील उतरला, तू कोण लागून गेलास? तुरुंगातून कुणी सुटून येणार असेल, तर त्याला आणायला एसटीपर्यंत पाचदहा माणसं जातात. शेलटीत उभं राहून कुणाला जाब विचारायचा नाही, विचारणारा खाली बसतो. आणि ज्याच्यावर आळ आलाय, त्याला आधी पोटभर वाढतात. जेवून हात धुतल्यावर तो जे बोलेल, तेवढंच सगुणाईच्या गावात खरं धरतात.