काचेला भ्यालेलं अस्वल

अस्वल मंद नव्हतं. ज्यो कोन असं सांगत फिरतोय त्येला म्हनावं, माझ्या म्होरं यिऊन सांग. हुप्प्याच्या बाजूची मंडळी ही गोष्ट उलटीच सांगत्यात. म्हनं अस्वलाला डोकंच नव्हतं, म्हनं साधा फोन उचलाया येत नव्हता, म्हनं हुप्प्या वानर व्हता म्हनून त्येचं चाललं. चाललं कसलं, डोंबल. अस्वलाची लेक पुरात जायची पाळी आली व्हती. पोरांनो, तुमी अर्धवट ऐकलीय. आता सरळ ऐका.

एका जंगलात एक म्हातारं अस्वल ऱ्हात व्हतं, हितपतूर त्यांचं बराबर हाय. नदीच्या अल्याड कड्याखाली त्येची गुहा. अस्वल लई तापट. वाघ म्होरनं आला तरी वाट सोडायचं न्हाई, उलट दोन पायांवर हुबं ऱ्हाऊन त्येलाच इचारायचं, कुठं निगालास म्हनून. त्येची लेक नदीपल्याडच्या डोंगरात नांदत व्हती. तिला दोन पिल्लं. आता त्या जंगलात मोबाइल पोचला व्हता. कसा पोचला ह्ये मला इचारू नका, गवत कुठंबी उगवतं तसा त्यो बी उगवतो. लेकीनं बापाला एक धाडून दिला. रोज सांजच्याला ती व्हिडिओ कॉल करायची, पिल्लं तिकडनं काचेवर नाकं घासायची, आन् म्हातारं हिकडं हरकून जायचं. दिसभर डरकाळ्या फोडत हिंडनारं जनावर, पन सांज झाली की गुहेच्या तोंडाशी गपगुमान यिऊन बसायचं. तेवढंच सुख ऱ्हायलं व्हतं त्येला.

पन कॉल उचलायचा कुनी? हुप्प्यानं. कड्यालगतच्या ऐनाच्या झाडावर त्येचं बिऱ्हाड. मनानं वाईट नव्हता, ह्ये बी सांगतो, न्हाईतर म्हनाल मी एकाच बाजूनं बोलतोय. फोन वाजला की फांद्यांवरनं उड्या मारत यायचा, "दे हिकडं" म्हनायचा, बोट असं फिरवायचा की बघनाऱ्याला काई दिसूच नये, आन् काचेत लेकीचं तोंड हजर. साळिंदराला फोटो धाडायचा असला तरी हुप्प्या, रानकोंबडीच्या फोनचा आवाज बसला तरी हुप्प्या. समदं जंगल त्येला हाका मारायचं. आन् आपल्या नावाच्या हाका ऐकाया कुनाला ग्वाड लागत न्हाई?

एकदा अस्वलाच्या मनात आलं, आपन बी शिकावं. त्येनं हुप्प्याला इचारलं. हुप्प्या म्हनाला त्यात काय, ह्ये बघ, असं, असं आन् असं. झालं बी त्येचं. अस्वलाला त्यातलं कळलं काय, तर असं. तरी त्येनं हिय्या केला आन् पंजा उचलून काचेवर ठेवला. आता ज्येनं जलमभर धोंडे रेटले, वारुळं फोडली, त्येला हलकं बोट ठिवनं कुठनं ठावं असनार? त्येनं दाबलं आन् दाबूनच धरलं. काच थरथरली, लेकीचा फोटो उचलून वर आला आन् त्येच्या शेजारी केराची टोपली उगवली. हुप्प्यानं फोन हिसकावून घेतला.

"आरं म्हाताऱ्या, लेक पुसून टाकशील की," त्यो म्हनाला. "हात लावू नगंस. तुला न्हाई जमायचं ह्ये."

हुप्प्या चेष्टेनं बोलला आन् फांदीवर जाऊन इसरून गेला. अस्वल इसरलं न्हाई. त्येच्या काळजात त्ये बोलनं बाभळीच्या काट्यावानी मोडून बसलं. मधमाश्यांच्या पोळ्यात नाक घालनारं जनावर तळहातायेवढ्या काचेला भ्यालं. लाजंचं भ्या लई वंगाळ असतं पोरांनो. पाय मोडला तर दावता येतो, ह्ये कुनाला दावता येत न्हाई. त्या दिवसापासनं त्येनं फोन एका सपाट दगडावर पळसाचं पान हातरून ठेवला, देव ठेवावा तसा. धूळ बसली तरी लांबनं फुंकर मारायचं. कुनी इचारलं तर गुरकायचं, मला काय करायचंय असल्या खेळन्याचं. तुमी बी ऐकलं असंल असं, घरात कुनाच्या तरी तोंडनं.

त्या साली ऐन पावसाळ्यात घाटापलीकडच्या खोऱ्यात उंबर लदलदून पिकले. हुप्प्याची टोळी तिकडं निगाली, त्यो बी निगाला. जाताना अस्वलाला सांगितलं का, तर न्हाई सांगितलं. त्येच्या ध्यानातच आलं न्हाई. आन् हिकडं वरच्या अंगाला पाऊस झाला, नदी दोन्ही काठ सोडून व्हाया लागली.

सांजच्याला फोन वाजला. अस्वलानं हुप्प्याला हाक मारली. मंग डरकाळी फोडली. मंग झाडाखाली जाऊन बुंधा हलवला. वरनं नुसती पानं पडली. फोन वाजून वाजून गप झाला. दुसऱ्या दिवशी तसंच, त्येच्या दुसऱ्या दिवशी बी तसंच. वाजताना काचेत लेकीचं तोंड दिसायचं. लेक म्होरं दिसतीया आन् बापाला तिला उचलता येत न्हाई, ह्येच्यासारखी शिक्षा न्हाई. अस्वलानं एकदा धीर करून हिरव्या खुनेवर नख टेकवलं, पुन्ना टेकवलं. काच ढिम्म. जास्ती दाबावं तर ती केराची टोपली आठवायची. अस्वल दगडाभवती फिरत ऱ्हायलं. त्येनं खानं सोडलं.

मंग नदीवरनं खंड्या पाखरू चिरकत आलं. त्येनं सांगितलं ते असं. लेक पल्याडच्या काठावर यिऊन बसलीया, दोनी पिल्लं पाठीवर घिऊन. बाप फोन उचलत न्हाई म्हंजे बापाचं काईतरी बरं-वाईट झालं, असं तिनं धरलंय, आन् आता ती पान्यात उतरनार हाय. खंड्यानं तिला सांगून बघितलं की म्हातारा बरा हाय, मी डोळ्यानं बघितला. ती ऐकंना. म्हनाली, कुनी गेलं की घरच्यांना असंच सांगत्यात, बरं हाय म्हनून. मला माझा बाप दाव, तवा मी मागं फिरंन.

अस्वलानं फोन पानात गुंडाळून तोंडात धरला आन् काठाकडं पळालं. वयानं म्हातारं, पन असं पळालं की वाटंतल्या साळिंदराचे काटे उडाले. काठावर जाऊन बघतंय तर झड लागलेली, पल्याडचं काई दिसंना. त्येनं जिवाच्या आकांतानं डरकाळी फोडली. नदीनं ती अर्ध्यातच गिळली.

त्या काठाला एका कपारीत कासव ऱ्हात व्हतं. त्येनं मान भाईर काढली आन् अस्वलाला आत आडोशाला बोलावलं, फोन भिजंल म्हनून. अस्वल आत शिरतंय तवर फोन वाजाया लागला. लेकीचंच तोंड.

"कासवा, उचल," अस्वल म्हनालं. "पाया पडतो तुझ्या, उचल ह्यो."

कासव म्हनालं, "मला न्हाई उचलता येत गड्या. माझं नख बी टणक आन् तोंड बी टणक. काचेला मऊ मांस लागतं. ऐनाच्या झाडाखाली पडून पडून मी हुप्प्याचं बघितलंय समदं, पन करायचं तुलाच."

"मला न्हाई जमत. मी बिघडवीन."

"बिघडत न्हाई. नखं वर घे आन् बोटाची गादी टेक. त्या हिरव्यावर."

अस्वलानं गादी टेकली आन् दाबली. काई झालं न्हाई. कासव म्हनालं दाबू नगंस, टेकव आन् वर सरकव. अस्वल घाबऱ्याघाबऱ्या खाली सरकवायला लागलं, मंग आडवं, आन् तेवढ्यात फोन वाजायचा थांबला. लेकीचं तोंड गेलं. काच काळी झाली.

अस्वल म्हनालं, गेली माझी लेक. हुप्प्या खरं बोलला व्हता, मीच पुसली तिला.

आता हितं दुसरा कुनी असता तर वराडला असता, आरं गाढवा, सांगितलं न्हवं वर सरकव. मी तर वराडलोच असतो. कासव वराडलं न्हाई. पान्याचा आवाज भाईर वाढत व्हता तरी त्ये आपल्या चालीनंच बोललं. म्हनालं, वाजायचं थांबलं म्हंजे फोन मेला न्हाई, आता तू लाव. अस्वल म्हनालं मला वाचता येत न्हाई. कासवानं इचारलं, "लेकीचं तोंड तर वळखतोस न्हवं?"

त्येला त्ये वळखता येत व्हतं. कासवानं एक एक सांगितलं. आदी काचेला जाग आन. आता ती फोटूची रांग दिसती का, त्यात लेक हुडीक. सापडली? टेक. अस्वलाचा पंजा पुन्ना दाबूनच ऱ्हायला, आन् पुन्ना ती केराची टोपली उगवली. अस्वल थिजलं. कासव म्हनालं, उगवू दे, तिला तू सांगितल्याबिगर ती काई खात न्हाई. बाजूला रिकाम्या जागंवर टेक, जाईल ती. अस्वलानं टेकलं. टोपली गेली. लेक तितंच व्हती.

पोरांनो, त्या टोपलीचं भ्या त्येच्या काळजात कवापासनं बसलं व्हतं, आन् ती गेली किती झटक्यात, बघा. कुनी तरी तवाच सांगितलं असतं तर?

"वारुळाच्या तोंडावरची धूळ कशी सारतोस तू?" कासवानं इचारलं. "मुंग्या बुजू नयेत म्हनून कसा हलका हात लावतोस? तसा लाव."

ह्ये अस्वलाला कळलं. वारुळाचं त्येला कुनी शिकवायची गरज नव्हती. त्येनं गादी हलकी टेकवली आन् उचलली. लेकीचं तोंड मोठं झालं. कासवानं वरची कॅमेऱ्याची खून दावली, अस्वलानं तितंबी तसंच टेकवलं. फोन लागला. आवाज याया लागला.

तिकडं लेक पान्यात उतरली व्हती. पानी पोटाला लागलं व्हतं, पिल्लं पाठीवरच्या केसांना घट धरून बसलेली, फोन गळ्यात अडकवलेला. त्यो वाजला. तिनं उचलला आन् बघितलं. आता खरं सांगू का, तिला बापाचं तोंड दिसलंच न्हाई. म्हाताऱ्यानं फोन लागला म्हनताना नदीच्या आवाजात ऐकू यावं म्हनून कानाला लावला व्हता. काचंत नुसता एक केसाळ कान दिसत व्हता, कडेला फाटलेला, लहानपनी मधाच्या मागं जाताना काट्यात अडकलेला. पन त्यो कान तिनं पाठीवर बसून धरला व्हता, पिल्लू व्हती तवा. तिला दुसरं काई बघायची गरज पडली न्हाई.

"आबा," ती म्हनाली.

"मागं फिर," अस्वल म्हनालं. "मी जित्ता हाय. मला फोन उचलाया येत नव्हता, येवढंच झालंय. मागं फिर बाई."

ती मागं फिरली. काठावर चढून पिल्लं खाली उतरवली, आन् तसं तिनं सांगितलं तवा कुठं अस्वलानं फोन कानापासनं काढला. कासव तवर आपल्या पाठीत मान घालून झोपाया गेलं व्हतं.

पूर वसरल्यावर हुप्प्या परत आला. अस्वल फोन लावत बसलं व्हतं, सावकाश, जीभ भाईर काढून. एकदा चुकलं, पुन्ना केलं. हुप्प्या बघत ऱ्हायला. त्येला वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यो म्हनाला, मला सांगायचं न्हाईस व्हय, मी शिकवलं असतं की तुला.

"इचारलं व्हतं," अस्वल म्हनालं.



तात्पर्य : दुसऱ्याचं काम झटक्यात करून दिलं म्हंजे त्येला मदत केली असं न्हाई, त्येचं त्येला करू द्यावं, चुकू द्यावं, आन् चुकला तरी हसू नये. तुमच्या घरात कुनीतरी फोनला भिऊन बसलंय. आत्ता उठा, त्येच्या शेजारी जाऊन बसा, सवताचे दोनी हात मांडीखाली दाबा, आन् नुसत्या तोंडानं त्येला शिकवा.