एथनाच्या दारातला राजा

अहो, त्या उंचवट्यावर नका बसू! दमला असाल तर इकडे, या पडक्या घराच्या भिंतीला टेका. त्या मातीखाली आमचा कोलमान राजा आहे. तेव्हा आयर्लंडात राजे पैशाला पासरी होते, दोन डोंगर ओलांडले की नवा राजा. हा मात्र आमचा, कारण तो याच घरात वाढला.

राजाचं पोर दुसऱ्याच्या घरी वाढवायचं, अशी तेव्हाची रीतच होती. कोलमान तान्हा असताना इथं राहणाऱ्या एथनाकडे आला. तिचा स्वतःचा मुलगा आर्तही तेवढाच. दोघांना तिनं एकाच मांडीवर पाजलं. मोठे झाल्यावर दोघं मिळून तिच्या गाई राखायचे.

पुढे कोलमान गादीवर बसला. नव्या राजानं आधी शेजारच्या मुलखातल्या गाई पळवून आणायच्या, नाहीतर त्याला राजा म्हणणार कोण? गेली त्याची माणसं. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. दरी चुकली आणि पठ्ठे थेट एथनाचाच गोठा रिकामा करून आले! सकाळी कोलमाननं कपाळावर पांढरा चट्टा असलेली तिची गाय ओळखली आणि गाई परत न्यायला उठला म्हणे.

सरदार म्हणाले, "झालं ते झालं. लुटीच्या गाई परत केल्यात तर जग हसेल."

"हसू दे," असं म्हणून तो हत्यार न घेता, एकटाच गाई हाकत निघाला.

खाली ओढ्यावर गाई पाण्याला थांबल्या. हा पुढे आला आणि दारातून हाक मारली, "आई!" एथना चुलीपाशी होती. गाई कुणाच्या माणसांनी नेल्या ते कळलं होतं, रागानं धुमसत होती, पण आवाज ऐकला आणि विरघळली. "ये रे मेल्या, आत ये," म्हणाली. दार बुटकं. तो वाकला. दाराआड आर्त कुऱ्हाड घेऊन उभा होता, हे तिला ठाऊक नव्हतं. एका घावात सगळं संपलं.

"आई, यानं आपलं घर लुटलं होतं," आर्त म्हणाला. तेवढ्यात गाई हंबरत चढण चढून आल्या.

आर्तला तिनं शाप दिला नाही, पण पुन्हा घरातही घेतलं नाही. तिला एकच गोष्ट खात राहिली. आत ये, असं तिनंच म्हटलं होतं. त्यानंतर दारी कुणीही आलं की ती बाहेर यायची, पाहुण्याकडे पाठ करायची आणि आधी स्वतः वाकून आत शिरायची. "कुणाचा काही राग असेल तर आधी माझी मान आहे," म्हणायची, असं सांगतात.

आजही आमच्या दरीत पाहुण्याला कुणी 'आत या' म्हणत नाही. चला, चहा टाकलाय. पलीकडचं घर माझंच. मी पुढे होतो.