दहा लाख माशांची भागीदारी

ज्येष्ठ वद्य चतुर्थी, बुधवार. सकाळपासून ढग, वारा पडलेला, दुपारनंतर चार थेंब. या दिवशी राजा उदेभानाने भर दरबारात हुकूम सोडला. आठ दिवसांत साकोटीच्या तलावात दहा लाख मासे पडले पाहिजेत. बाहेरून एकही आणायचा नाही. जमले नाही, तर तलाव ढिवरांकडून काढून झुंबरलाल पेंडवाल्याला देण्यात येईल.

ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक्केचाळीस घरे त्या तलावावर जगत होती.

राजा वैतागला होता, आणि त्याला कारणही होते. तीन वर्षांपूर्वी त्याने मोठ्या हौसेने 'टिकाऊ मत्स्यपालन संशोधन भागीदारी' स्थापन केली. तसा ताम्रपट कोरून घेतला. मत्स्यपंडित केशवभटांनी ज्ञान द्यायचे, झुंबरलालने माशांना पेंड द्यायची आणि ढिवरांनी तलाव द्यायचा. ज्येष्ठ सरता सरता ओढ्याचे नवे पाणी तलावात येऊ लागले, की काठावर मांडव पडे आणि भागीदारांची बैठक भरे. ती पंधरा दिवस चाले. पंडितांचा अहवाल पहिल्या वर्षी चाळीस पानांचा होता, दुसऱ्या वर्षी नव्वद, तिसऱ्या वर्षी दोनशे दहा. मासे मात्र दरसाल कमी होत गेले. त्याचा दोष पंडितांनी आधी खंड्या पक्ष्याला दिला, मग पाणमांजराला, आणि शेवटी ढिवरांच्या अडाणीपणाला.

हुकूम ऐकून ढिवरांचा मुखिया दामा याची सून बिरजा पुढे आली. तिने हुकूम मान्य केला आणि दोनच गोष्टी मागितल्या. यंदाची बैठकही दरवर्षीसारखी, त्याच जेवणासकट व्हावी. आणि ती जे समोर ठेवील ते पंडितांनी स्वतः मोजावे. झुंबरलालने हसून सांगितले, की आपण तलावाची वीतन्‌वीत आत्ताच मोजून ठेवतो, म्हणजे नंतर खोळंबा नको. राजाने दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

बिरजा तिथून थेट मुदपाकखान्यात गेली. आचारी गप्पिष्ट होता. बैठकीसाठी रोज किती मासे लागतात, कसले लागतात, हे त्याने तिला अभिमानाने सांगितले.

वद्य द्वादशी, गुरुवार. पहाटे सर येऊन गेली, मग उघडीप. मांडव भरला. बिरजाने पंडितांपुढे परात ठेवली. परातीत त्या दिवशीच्या जेवणासाठी चिरलेल्या पाच शेरी रोहूची गाबोळी होती. माशाच्या पोटातली सगळी अंडी, अजून कच्ची. शेजारी एक बारीकशी शिंपली.

पंडितांनी नाक दाबून काम सुरू केले. एका शिंपलीतली अंडी सुईच्या टोकाने वेगळी करत मोजली, ती भरली दोन हजार एकशे चाळीस. मग परातीत किती शिंपल्या आहेत ते मोजले. चारशे ऐंशी. गुणाकार करायला त्यांना अर्धी घटका लागली.

"दहा लाख सत्तावीस हजार दोनशे," ते घाम पुसत म्हणाले.

"महाराज, हे तुमचं एका वेळचं तोंडी लावणं," बिरजा म्हणाली. "या दिवसांत मादीचं पोट जड असतं. म्हणून आम्ही ढिवर जाळी आढ्याला टांगतो आणि मीठभाकर खातो. तीन वर्षं झाली, बैठकीला जेवण हवं म्हणून दरबाराच्या हुकमानं जाळी खाली उतरतात."

तिने मागचे घंगाळ पुढे ओढले. आत तेवढीच मोठी, फुगल्या पोटाची रोहू जिवंत फिरत होती.

"ही रात्रीच्या जेवणाची. आपल्याच तलावातली, बाहेरची नाही. महाराजांनी ती आपल्या हातानं ओढ्याच्या तोंडाशी सोडावी. दहा लाख पडले असं समजा."

केशवभट उसळून उठले. "ही शुद्ध फसवणूक आहे! अंडी म्हणजे मासे नव्हेत. त्यातली जगतात किती?"

"पाण्यातली किती जगतात ते तुम्ही मोजा, पंडितजी," बिरजा म्हणाली. "ताटातली किती जगली ते तीन वर्षांत मोजून झालंय."

राजाने परातीकडे पाहिले, पंडितांकडे पाहिले, मग स्वतःच्या पोटाकडे. आणि तो इतका हसला की त्याचा मंदिल घंगाळात पडला. मंदिल तसाच राहू देऊन त्याने दोन्ही हातांनी रोहू उचलली, गुडघाभर चिखलात उतरला आणि ओढ्याच्या तोंडाशी सोडून दिली.

दुपारी मांडवात वरण, भात आणि दोडक्याची भाजी वाढली. बैठक पंधरा दिवस चालायची होती. ती त्याच संध्याकाळी आटोपली.

तलाव एक्केचाळीस घरांकडे राहिला. भागीदारीचे प्रमुखपण आणि पैठणीचे एक लुगडे बिरजाला मिळाले. ज्येष्ठ वद्य प्रतिपदेपासून श्रावण अखेरपर्यंत जाळे बंद, राजवाड्यासाठीही, असे ताम्रपटावर नव्याने कोरले. झुंबरलालची पेंड बैलांना घातली. केशवभट भाद्रपदापर्यंत रोज सकाळी काठावर बसून पिल्ले मोजत होते.

माघात पहिल्या ओढीला सत्तावीस टोपल्या मासळी निघाली. आदल्या वर्षी अकरा निघाल्या होत्या.