आधी दारात हलगी

"यापुढं पुरतं सिद्ध झालेलंच ओरडायचं," पिंपळगडचा राजा जयसिंगराव म्हणाला. "एक शब्द खोटा निघाला तर हलगी दरबारात जमा. समजलं?"

ठकूला सगळं समजत होतं. बापाचा गळा बसल्यापासून गावात दवंडी तीच देई. हलगी गेली की चूल विझली.

झालं होतं असं. एका सकाळी गावच्या तळ्याचं पाणी लालभडक. रंगारी काठावर कापडं पिळत बसलेले. ठकूनं हटकलं तर म्हणाले, "कोतवालसाहेबांची परवानगी आहे." पाणक्याला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. पण ठकूच्या घराची एक रीत होती. दवंडीत ज्याचं नाव घ्यायचं, त्याच्या दारात आधी हलगी वाजवायची आणि त्याला काय म्हणायचंय ते विचारायचं. ठकूनं कोतवाल नागोजीरावांच्या दारात हलगी वाजवली. आतून निरोप आला, साहेब न्हातायत. पुन्हा वाजवली. साहेब जेवतायत. पुन्हा वाजवली. साहेब झोपलेत.

तोवर बाया घागरी घेऊन तळ्याकडं निघालेल्या. मग ठकूनं दवंडी दिली, "तळ्याचं पाणी पिऊ नका हो! रंगारी म्हणतात, कोतवालांची परवानगी आहे. कोतवालांना विचारायला गेले, तर ते झोपलेत हो!"

मागनं कळलं की परवानगी कोतवालांनी दिलीच नव्हती. त्यांच्या मेव्हण्यानं रंगाऱ्यांकडून बायकोसाठी दोन लुगडी घेऊन ती त्यांच्या नावावर परस्पर दिली होती. ठकूनं त्याच चौकांत, तेवढ्याच मोठ्यानं तेही सांगितलं. पण कोतवालांचं समाधान होईना. परवानगीचं खोटं निघालं, ते त्यांनी सोसलं असतं. झोपेचं खरं होतं, तेच फार झोंबलं. पोरंसोरं त्यांना बघून घोरायला लागली होती. म्हणून ते राजाकडं गेले आणि राजानं हा हुकूम काढला.

लगेच राजाचा वाढदिवस आला. ठकूला निरोप मिळाला, "उद्या दुपारी राजवाड्यात गावजेवण. महाराज स्वतः बुंदी वाढणार. दवंडी दे."

"जी," ठकू म्हणाली आणि घरी जाऊन निवांत बसली.

दुसऱ्या दिवशी पत्रावळी मांडून तयार, राजा बुंदीची परात घेऊन उभा, आणि अंगणात चिटपाखरू नाही. आमंत्रणावाचून माशा तेवढ्या आल्या होत्या. ठकूला बोलावणं गेलं.

"दवंडी का दिली नाहीस गं?"

"कशी देऊ महाराज? सिद्ध कुठं झालं होतं? गेल्या वर्षीही आपणच वाढणार होता. ऐन वेळी पोटात कळ आली आणि वाढलं दिवाणजींनी."

"बघा महाराज, हुकूम मोडला!" कोतवाल म्हणाले.

"पाळला, साहेब. आता महाराजांच्या हातात परात दिसतेय, म्हणजे निम्मं सिद्ध झालं. पंगत उठली की सगळंच होईल. मग गावभर सांगते, जेवण झालं म्हणून."

राजा वैतागला. "जेवण झाल्यावर सांगून काय उपयोग? मुदपाकखान्याचा धूर बघायचा. आचाऱ्याला विचारायचं. तरी शंका असली तर माझ्या दारात येऊन मला विचारायचं. शहाण्या माणसाला एवढं पुरे!"

"आणि एवढं करूनही महाराजांच्या पोटात कळ आली तर?"

"तर त्यात तुझा काय दोष?"

ठकूनं पदर सावरला. "मी लाल पाणी बघितलं. रंगाऱ्यांना विचारलं, पाणक्याला विचारलं. कोतवालसाहेबांच्या दारात हलगी वाजवली. आता मधेच मेव्हण्याची कळ उठली, त्यात माझा काय दोष, महाराज?"

राजा परातीतली एक बुंदी तोंडात टाकून चघळत राहिला.

"पण माझी अब्रू..." कोतवाल पुटपुटले.

"नागोजीराव, दार उघडलं असतंत तर ती घरातच राहिली असती," राजा म्हणाला. "हुकूम मागं घेतला. हिच्या हलगीला सरकारातून नवं कातडं चढवा आणि हिच्या घरी दरसाल धान्य पोचवा. यापुढं दारात हलगी वाजली की कोतवाल असो, दिवाण असो, उठून बाहेर यायचं. जा गं, दे आता दवंडी. बुंदी निवतेय."

ठकू उंबऱ्यापर्यंत गेली, वळली आणि राजासमोरच तिनं हलगीवर थाप मारली.

"आता काय राहिलं?"

"जेवणाचं सांगतेच. पण महाराजांनी आपलाच हुकूम मागं घेतला, हेही लोकांना सांगायला हवं. नाव महाराजांचं येणार, म्हणून आधी दारात वाजवली. महाराजांना काही म्हणायचंय?"

राजा इतका हसला की परात हिंदकळली आणि बुंदी कोतवालांच्या पगडीवर सांडली.

"सांग त्यांना," राजा डोळे पुसत म्हणाला, "विचारलं तेव्हा महाराज जागे होते!"