सटवाजीच्या गाठी

फार फार वर्षांपूर्वी, खडकथडीला अजून सडक नव्हती तेव्हा, तिथे सटवाजी नावाचा कोतवाल होता. वय तिशीचं, पाय लांब, अक्षरओळख नाही. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, ते तो अंबाडीच्या दोरीला गाठी मारून लक्षात ठेवी.

एका साली तालुक्याहून हुकूम आला. ज्या गावात तीनशे माणसं नाहीत, ते शेजारच्या गावात मिसळायचं. म्हणजे खडकथडीचं नाव जाणार आणि नदीकाठचं गायरानही जाणार. सटवाजीनं घरोघर हिंडून शिरगणती केली आणि बारा कोस चालून दोरी कचेरीत दिली. कारकुनानं गाठी मोजल्या. दोनशे सेहेचाळीस.

"बुडालं तुझं गाव," तो म्हणाला.

परतताना अर्ध्या वाटेत सटवाजी मटकन खाली बसला. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यानं माणसंही तशीच मोजली होती, लाभ, दोन, तीन. आणि लाभाला गाठ मारायची नसते म्हणून मारली नव्हती. अठ्ठावन्न घरं, घरटी एक माणूस राहून गेलं होतं.

तो तसाच मागे फिरला. कारकून म्हणाला, "परवा दिवस मावळायच्या आत नीट मोजून आण."

वाटेतच अठ्ठावन्न गाठी मारता आल्या असत्या. पण माणूस समोर नसताना गाठ मारणं त्याला जमेना. पायांना फोड आलेले, तरी तो पहिल्या दारात उभा राहिला.

"पुंजाआत्या, आज एक म्हणू दे."

"एक नको बाबा. पोरांना दृष्ट लागते."

"मग लाभाला गाठ मारतो."

"माझ्या घरची बरकत बांधतोस होय? चालून चालून डोकं फिरलंय तुझं."

वाद घालायला त्याच्यात त्राण नव्हतं. "बरं, माझं नाव घेतो. लागली दृष्ट तर मला लागेल." तो 'सटवाजी' म्हणाला आणि गाठ मारली. मग दोन, तीन, चार, पाच.

असं म्हणतात, त्या घरातून तो निघाला तेव्हा त्याच्या मिशीतला एक केस पांढरा होता. विसाव्या घराशी त्याला काठी लागली. चाळिसाव्या घराशी बायका म्हणाल्या, "पुरे, भाऊ. बस जरा."

"बसलो तर उठायचा नाही," तो म्हणाला. दर घरानं त्याचं एक वर्ष घेतलं, असं म्हणतात.

कचेरीत कारकुनानं वर पाहिलं. "आजोबा, तुम्हाला का पाठवलं? तो कोतवाल कुठाय?"

सटवाजीनं नुसती दोरी पुढे केली. तीनशे चार.

गावाचं नाव राहिलं. तो मात्र घरापर्यंत पोचला नाही. गायरानात टेकला, आणि लोक शोधत आले तेव्हा तिथे फक्त त्याचं मुंडासं होतं, असं म्हणतात.

तेव्हापासून खडकथडीत जित्या जिवाची मोजणी त्याच्यापासून सुरू होते. गुरं असोत, शाळेतली रांग असो, सटवाजी, दोन, तीन. आता बऱ्याच दारांना कुलपं आहेत. शिरगणतीची बाई येते तेव्हा एखादी म्हातारी उंबऱ्यात येते, स्वतःच्या छातीवर हात ठेवते आणि म्हणते, "सटवाजी."

बाई पुढच्या आकड्यासाठी थांबते.

"लिही बाई," म्हातारी म्हणते. "एवढंच."