मूठभर ऊन आणि वाटीभर शेंगोळे

डोंगरांच्या अगदी पायाशी, खोल दरीत, सावलवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. एरवी तिथं सगळं छान असायचं. पण थंडी आली की सूर्यबाप्पाला डोंगर चढायचा भारी कंटाळा यायचा. दुपार कलायच्या बेतात असताना तो कसाबसा डोकवायचा आणि आल्या पावली परत जायचा. मग सगळी दरी राखाडी, गार आणि गप्प होऊन जायची.

त्या गावात हौसा नावाची छोटीशी मुलगी राहायची. तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम एक लाल टिकली असायची, ती थंडीनं लावलेली! हौसाला बाबा नव्हते. आई होती, एक शेळी होती आणि शेळीचं कापसासारखं पांढरंशुभ्र करडू होतं. बस्स, एवढंच घर.

आई लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. निळ्या तुकड्याशेजारी पिवळा, पिवळ्याशेजारी डाळिंबी. शिवता शिवता ती गुणगुणायची आणि मधूनच हौसाकडे बघून हसायची. पण त्या वर्षी थंडी आली आणि आईचं गुणगुणणं बंद झालं. मग हसणं बंद झालं. मग अर्ध्या गोधडीत सुई तशीच टोचलेली ठेवून आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताप नव्हता, खोकला नव्हता. थंडी तिच्या मनात जाऊन बसली होती, ती काही केल्या निघेना.

"आये, भाकर खातीस का?"

"भूक न्हाई गं, राणी. तू खा."

शेजारच्या गिरजाकाकू दोन्ही घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून मान काढून म्हणायच्या, "आळशाला गंगा दूर! लोळून का कुणाचं पोट भरतंय?" हौसाच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. आई आळशी नव्हती. आईचं हसू हरवलं होतं, आणि ते शोधायचं कुठं, हे काही हौसाला ठाऊक नव्हतं.

सावलवाडीत सगळे म्हणायचे की आंब पोटात गेली की भूक लागते. आंब म्हणजे काय ठाऊक आहे? थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंबटचिंबट दव साचतं, ती आंब. संध्याकाळी झाडांवर स्वच्छ फडकं अंथरायचं आणि सकाळी ओलं झालं की वाटीत पिळून घ्यायचं. हौसानं मळेकऱ्याला विचारलं, आईचं एक जुनं मऊ फडकं हरभऱ्यावर अंथरलं आणि सकाळी उजाडता उजाडता ती मळ्यात हजर झाली.

काय सुंदर दिसत होता मळा! हिरव्या हिरव्या पानांवर चिमुकले मोती लुकलुकत होते आणि मधेमधे जांभळी-गुलाबी इवली फुलं लाजत होती. हौसानं फडकं उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि पिळायला लागली.

"आई आई गं! अगं, मला काय पिळतेस?"

हौसानं दचकून फडकं उलगडलं. आत एक परी! अंगठ्याएवढी. पानाचा हिरवा झगा, हरभऱ्याच्या फुलासारखे जांभळे पंख, आणि ते पंख आंबेनं चिंब होऊन फडक्याला चिकटलेले.

"चुकलं माझं! लागलं का गं?" हौसा कळवळली. तिनं परीला ओंजळीत घेतलं, हलकेच फुंकर घालून एकेक पंख सोडवला आणि आपल्या ओढणीच्या उबेत तिला गुंडाळून ठेवलं. स्वतः मात्र कुडकुडत उभी राहिली.

थोड्या वेळानं परीनं ओढणीतून नाक बाहेर काढलं. "किती गोड आहेस गं तू! माग, दोन इच्छा माग. एक आज, एक उद्या. पण माझे नियम आहेत हं. मागशील ते तुझ्या मुठीत मावायला हवं. ते कुणाच्या तोंडचं काढून आणलेलं चालणार नाही. आणि त्यातला पहिला वाटा, जो पहिल्यांदा दारात येईल त्याचा."

हौसा क्षणभरही थांबली नाही. "माझ्या आईचं हसू दे!"

परीचे डोळे ओले झाले. "हसू मुठीत मावत नाही, बाळा. ते मला देता येत नाही."

हौसानं खाली मान घातली. मग डोळे पुसून म्हणाली, "मग मूठभर हुलग्याचं पीठ दे. शेंगोळे करीन. थंडीत आईला लई आवडतात."

"पीठ? आणि मोती नकोत?"

"मोती शिजतात व्हय?"

परी खुदकन हसली. "बरं, मग दूध-साखर माग की. खीर होईल छान."

"दूध करडाचं हाय," हौसा म्हणाली. "त्याच्या आईनं त्याच्यासाठी ठेवलंय."

परीनं आनंदानं गिरकी घेतली आणि हौसाची मूठ सोनेरी पिठानं भरून गेली.

घरी येऊन हौसानं चूल पेटवली. लसूण, मिरची, मीठ खलबत्त्यात कुटलं, पीठ मळलं, तळहातांमध्ये वळून त्याची वेटोळी केली आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात टपाटप सोडली. खदखद खदखद! लसणाचा खमंग वास घरभर फिरला, गोधडीवरून रांगला आणि आईच्या नाकाशी जाऊन बसला.

आईनं कूस बदलली. कितीतरी दिवसांनी! "काय शिजवतीस गं, हौसे?"

हौसानं घाईनं वाटी घेतली. एकच वाटी भरेल एवढे शेंगोळे होते. ते तिनं वाटीत काढले, आणि नेमकी तेव्हाच दाराची कडी वाजली.

दारात गिरजाकाकू! अंगाभोवती शाल, ओठ निळे पडलेले. "विस्तव हाय का गं चुलीत? माझी चूल चार दिस गार हाय. एकटीसाठी पेटवायची म्हणलं की हातच उठत न्हाईत."

पहिला वाटा दारात येणाऱ्याचा! हौसाला अगदी रडू आलं. त्या काकू, आईला टोचून बोलणाऱ्या! पण मग तिला काकूंची चार दिवस गार पडलेली चूल आठवली. म्हणजे काकूंच्याही मनात थंडी शिरली होती तर! हौसानं काकूंना चुलीजवळ बसवलं आणि ती वाटी त्यांच्या हातात दिली.

काकूंनी एक घास घेतला. मग वाटीत बघितलं. "अगं बाई! ह्ये शेंगुळं हायेत का सापाची पिल्लं? केवढी जाड! आत पार कच्ची की!"

हौसाचा चेहरा एवढासा झाला. तोच मागून गोधडी सळसळली. आई उठून बसली होती!

"असं वळत न्हाईत, हौसे. करंगळीहून बारीक वळायचं. आण, दावते." आणि मग आईला आठवलं. "पण पीठ कुठंय आता?"

"माझ्याकडं हाय की डबाभर!" म्हणत काकू शाल सावरत घरी पळाल्या आणि डबा घेऊन आल्या. मग तिघींनी मिळून शेंगोळे वळले, बारीक, नाजूक, कानातल्या डुलासारखे. आई दोन वाट्या जेवली. काकू भाकरी कुस्करता कुस्करता हळूच म्हणाल्या, "मी उगाच बोलले गं तुला." आईनं त्यांचा हात थोपटला. पण हसली मात्र ती नाही. जेवण झाल्यावर पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा मळ्यात गेली. परी एका फुलावर झोके घेत होती.

"मूठभर ऊन दे," हौसा म्हणाली. "कोवळं. सकाळचं."

परी झोका घेता घेता थांबली. "देईन. पण ऊन आलं की मला जावं लागेल. मी दवातली परी ना!"

हौसाला हुंदका आला. परी तिला फार आवडली होती. ओढणीत लपवून घरी न्यावी, असंही वाटलं होतं. पण घरी आई होती, भिंतीकडे तोंड करून.

"मग तू पुन्हा कधीच दिसणार न्हाईस?"

"वेडी कुठली! दव उन्हात जातं, पण पुढल्या थंडीत परत येतंच की. फडकं अंथर. फक्त पिळण्याआधी बघत जा!"

हौसा रडता रडता हसली आणि तिनं मूठ पुढे केली. परीनं तिच्या लाल नाकाची पापी घेतली. जांभळे पंख चमचमले, गुलाबी झाले, केशरी झाले, पानापानावरचा मोती न् मोती उजळला, आणि त्या लखलखाटात परी दिसेनाशी झाली. हौसाची मूठ मात्र ऊबदार झाली होती.

ती धावत घरी आली. ऊन ठेवायचं कुठं? आपल्या अंगणात ठेवलं तर काकूंना मिळणार नाही. तिनं दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर मूठ उघडली. सोनेरी ऊन भिंतीवरून दोन्ही अंगणांत ओघळलं.

"अगंबाई, ऊन!" आधी काकू आल्या, मग करडू उड्या मारत आलं. हौसानं आईचा हात धरून तिला बाहेर आणलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि अर्धी राहिलेली गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. आईनं डोळे मिटले, चेहरा उन्हात धरला. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग तिनं सुई उचलली. करडू येऊन गोधडीच्या मधोमध ऐटीत बसलं, आणि आई हसली!

तेव्हापासून सावलवाडीत थंडीच्या सकाळी त्या भिंतीवर सगळ्यात आधी ऊन येतं. ज्याच्या मनाला थंडी वाजते, तो आपली वाटी घेऊन तिथं येऊन बसतो. शेंगोळे वळायला सगळे असतात. आपली चूल एकट्यासाठी पेटवायची पाळी कुणावर येत नाही.

पण त्या पहिल्या सकाळी हौसानं काय केलं, सांगू? तिनं आईचं हसू धरायला दोन्ही हात तिच्या गालांना लावले. ते इकडून निसटलं, तिकडून सांडलं, काकूंच्या तोंडावर गेलं, हौसाच्या तोंडावर आलं. परीचं अगदी खरं होतं. ते मुठीत मावतच नव्हतं.