बुडाची माती

एका गावात बाळगोंडा नावाचा एक पानमळेवाला राहत होता. शेजारचे मळे दरसाल रोग पडून वाळत, याचा मळा मात्र हिरवागार. त्यात जादू काही नव्हती. इतर लोक वेल पिवळी पडली की धावत. हा वेलीकडे नंतर बघे, आधी तिच्या बुडाची माती हातात घेऊन हुंगे. माती चिकट झाली, पाणी साचू लागलं, की लगेच चर काढी.

"रोग काय, वाऱ्यावरनंबी येतो," तो म्हणे. "पण त्याला जेवायला वाढती ती माती."

बाहेरची घाण वेलींपाशी नको, म्हणून त्याच्या मळ्यात चप्पल घालून यायला बंदी होती. एकदा त्याने आपल्या व्याह्यांनाही फाटकाबाहेर चपला काढायला लावल्या. व्याही दिवसभर फुगून बसले होते.

असा हा चोखंदळ माणूस, पण याच्या गालात तंबाखूचा बार कायम. सकाळी चूळ भरायचा अवकाश, की तंबाखू आत.

एकदा त्याची बायको चंपाबाई हिच्या लक्षात आलं, की ठेच्याशिवाय ज्याला घास उतरत नाही तो माणूस ठेचा बाजूला सारतोय. भाकरी दुधात कुस्करतोय. तोंडही पुरतं उघडत नव्हतं. गालात आतून पांढुरका पट्टा दिसत होता.

"दवाखान्यात चला," ती म्हणाली.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई. दुखाय लागल्यावर बघू की."

चंपाबाई मनातून घाबरली होती, पण बोलली ती चिडूनच. "वेल पिवळी पडायची वाट बघता का कधी? मळ्यात व्याह्यांची चप्पल चालत न्हाई, आन् गालात ही घाण बारा महिने?"

बाळगोंडाने बार थुंकला आणि सदरा चढवला.

डॉक्टरीणबाईंनी गालाचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. निदान कर्करोगाचं निघालं.

"धीर सोडू नका," बाई म्हणाल्या. "गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी आहे, काढून टाकू. पण तिच्या भोवतालचा गाल तंबाखूने बिघडलाय. तोच तिला पोसत होता. तंबाखू सुटली नाही, तर तिथेच दुसरी गाठ यायची भीती. हा पट्टा बघून आलात, म्हणून ती एवढी लहान सापडली."

"म्हंजे बुडाची मातीच म्हणा की," बाळगोंडा हळूच म्हणाला.

गाठ निघाली. तंबाखू सोडणं त्याहून अवघड गेलं. त्या दिवसांतली त्याची चिडचिड चंपाबाईने सोसली. तपासणीची एकही खेप मात्र त्याने चुकवली नाही.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी मळ्यात जेवताना त्याने बोटभर ठेचा जिभेवर ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चंपाबाई दचकली.

"झोंबलं का ओ?"

"न्हाई," तो म्हणाला. "आणखी वाढ."

तात्पर्य: रोग एकटा वाढत नाही, भोवतालची जागा त्याला पोसते. ती जागा जपावी, आणि तिच्यात जरासा बदल दिसला तरी दुखण्याची वाट न बघता वेळेवर दाखवून यावं.